दुधव्याच्या गवतातील यूलोफिया ऑब्ट्यूसा: ११८ वर्षांनी झालेल्या एका नोंदीचे प्रकरण

३० जून २०२० रोजी उत्तर प्रदेशातील दुधवा व्याघ्र प्रकल्पाच्या गवताळ भागात फिरत असलेल्या वनखात्याच्या व वर्ल्ड वाइड फंड फॉर नेचरच्या भारतीय शाखेच्या पथकाला गवतातून वर आलेला एक अनोळखी फुलोरा दिसला. वनस्पती जमिनीवर वाढणाऱ्या ऑर्किडपैकी होती एवढे लगेच कळले. जात कोणती ते कळले नाही. छायाचित्रे काढून ती बांगलादेशातील एका ऑर्किड अभ्यासकाकडे पाठवली गेली आणि तिकडून उत्तर आले की ही यूलोफिया ऑब्ट्यूसा आहे. उत्तर प्रदेशातील या जातीची आधीची नोंद १९०२ सालची, पिलीभीतची होती. त्यामुळे वर्तमानपत्रांनी ‘११८ वर्षांनी सापडलेले ऑर्किड’ असा मथळा दिला आणि काही दिवसांत बातमी मागे पडली.

मला या प्रकरणात बातमीपेक्षा अधिक काही दिसते. भारतात जमिनीवर वाढणाऱ्या ऑर्किडांच्या नव्या प्रादेशिक नोंदी कशा होतात, त्या नोंदींतून नेमके काय सिद्ध होते आणि काय सिद्ध होत नाही, हे समजून घेण्यासाठी दुधव्याचे उदाहरण फार उपयोगी आहे, कारण त्यातला प्रत्येक टप्पा स्पष्ट दिसतो.

नोंद कशाची झाली

पहिली गोष्ट म्हणजे ही नवी जात नव्हे. तिचे मूळ वर्णन जॉन लिंडले यांनी एकोणिसाव्या शतकात केले होते आणि जोसेफ डाल्टन हूकर यांनी ब्रिटिश भारताच्या वनस्पतींवरील आपल्या ग्रंथात १८९० मध्ये तिला यूलोफिया वंशात आणले. गंगेच्या मैदानातून त्या काळात गोळा केलेले तिचे वाळवलेले नमुने इंग्लंडमधील क्यू येथील संग्रहात आहेत. म्हणजे जात शास्त्राला चांगली ठाऊक होती, तिचे नाव ठरलेले होते, ती कोठे मिळाली तेही लिहिलेले होते. तुटला होता तो त्या नोंदींचा आणि जमिनीवर प्रत्यक्ष उभ्या असलेल्या वनस्पतीचा संबंध.

दुसरी गोष्ट, १९०२ ची नोंद पिलीभीतची आणि २०२० ची दुधव्याची. पिलीभीत आणि दुधवा ज्यात येते तो लखीमपूर खेरी हे शेजारचे जिल्हे आहेत, दोन्ही हिमालयाच्या पायथ्याच्या तराई पट्ट्यातले. एकाच भूभागाचे हे दोन तुकडे असल्याने याला राज्यासाठी पुनर्नोंद आणि दुधव्यासाठी पहिली नोंद असे म्हणणे मला योग्य वाटते. ‘नामशेष झालेली वनस्पती परत आली’ असे म्हणणे मात्र चुकीचे ठरेल. ती नामशेष झाली आहे असे या राज्यापुरते ठरवण्याइतका शोध त्याआधी घेतला गेला होता, असे दाखवणारे काहीही समोर नाही.

मधल्या काळात ही जात बांगलादेशात २००८ मध्ये दिसली होती. ओळख तिकडच्या अभ्यासकाने पक्की करावी लागली याचे कारण बहुधा हेच: जिवंत फूल पाहिलेला माणूस तिथे होता. ऑर्किडांच्या बाबतीत हा मुद्दा लहान नाही. संग्रहातील वाळलेल्या फुलाचा रंग गेलेला असतो, मांसल पाकळ्या दाबल्या जाऊन त्यांचा आकार बदललेला असतो, आणि ज्या भागावर ओळख अवलंबून असते ते ओष्ठदल, म्हणजे ऑर्किडच्या फुलातली इतरांपेक्षा वेगळ्या आकाराची पाकळी, बहुतेक वेळा दुमडलेले असते. यूलोफिया या नावाचा अर्थच ‘सुंदर तुऱ्याची’ असा आहे, आणि तो तुरा म्हणजे ओष्ठदलावरच्या उभ्या शिरा किंवा कंगोरे. त्यांची संख्या व लांबी, ओष्ठदलाचे खंड, त्याच्या तळाशी असलेल्या पिशवीचा किंवा शुंडिकेचा (मागे निघालेल्या पोकळ नळीचा) आकार, पुंकेसर व स्त्रीकेसर एकत्र जुळून झालेला मधला स्तंभ आणि परागपुंज हे सगळे पाहिल्याशिवाय या वंशातल्या जाती एकमेकींपासून वेगळ्या करता येत नाहीत. पानांवरून तर नाहीच. मराठीत या वंशातल्या काही जातींना अमरकंद म्हणतात, आणि सह्याद्रीत पावसाळ्याच्या तोंडाशी ते पाहिलेल्यांना फुलाविना अमरकंद ओळखणे किती कठीण असते याचा अनुभव असेल.

म्हणून या नोंदीत मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो प्रसंग बातमीत एका ओळीत आटोपला आहे. पथकाला वनस्पती दिसली, पण तिला लगेच जवळचे एखादे नाव चिकटवून कोणी पुढे गेले नाही. ‘आपल्याला हे ओळखता येत नाही’ असे म्हणून छायाचित्रे योग्य माणसाकडे पाठवली गेली. तराईत यूलोफियाच्या इतर जातीही वाढतात, आणि परिचित जातीचे नाव लिहून टाकणे सोपे होते. तसे झाले असते तर ही नोंद पुढच्या शंभर वर्षांसाठी चुकीच्या नावाखाली गाडली गेली असती.

११८ वर्षांचा अर्थ

मथळ्यातल्या आकड्याकडे आता नीट पाहू. ११८ वर्षे ही त्या वनस्पतीच्या अनुपस्थितीची लांबी आहे, असा वाचकाचा समज होतो. माझ्या मते ती मुख्यतः आपल्या न पाहण्याची लांबी आहे, आणि असे मानायला बरीच कारणे आहेत.

सहारनपूरच्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख जॉन फर्मिंगर डुथी यांच्या काळात या प्रदेशात पद्धतशीर संकलन झाले. गंगेच्या वरच्या मैदानाच्या वनस्पतींवरील त्यांचा ग्रंथ १९०३ पासून प्रसिद्ध होऊ लागला आणि वायव्य हिमालयातील ऑर्किडांवरील त्यांचे काम १९०६ मध्ये आले. पिलीभीतची १९०२ ची नोंद याच काळातली. त्यानंतर तराईच्या गवतातील ऑर्किडांकडे तेवढ्या सातत्याने वळणारे लोक राहिले नाहीत. पुढे विसाव्या शतकाच्या मध्यास हिवतापावर नियंत्रण आले आणि तराईत मोठ्या प्रमाणावर वसाहत होऊन गवताळ जमीन उसाच्या आणि भाताच्या शेतीखाली गेली. जे गवत उरले ते मुख्यतः राखीव वनांत आणि अभयारण्यांत उरले. दुधवा राष्ट्रीय उद्यान १९७७ मध्ये झाले, आणि तिथल्या संशोधनाचे लक्ष स्वाभाविकपणे बारशिंगा, वाघ आणि १९८४ मध्ये आसामातून पुन्हा आणून सोडलेले गेंडे यांच्याकडे राहिले. गवताकडे पाहिले गेले ते या प्राण्यांचा चारा आणि आडोसा म्हणून.

यात ऋतूची अडचण मिसळते, आणि मला वाटते तीच निर्णायक आहे. दुधवा पर्यटकांसाठी साधारणपणे नोव्हेंबरपासून जूनच्या मध्यापर्यंत खुले असते. पाऊस सुरू झाला की वाटा बंद होतात, नाले भरतात, आणि आत जातात ते फक्त गस्तीवरचे कर्मचारी. वन्यप्राण्यांच्या गणना, स्वयंचलित कॅमेरे लावून केलेली पाहणी ही सगळी कामे कोरड्या ऋतूत होतात. ही वनस्पती सापडली ती जूनच्या शेवटच्या दिवशी, म्हणजे दारे एरवी बंद होतात त्यानंतर दोन आठवड्यांनी. ज्या काळात तिचे फूल दिसू शकते त्याच काळात पाहणारे डोळे तिथे नसतात. इतर महिन्यांत ती एकतर जमिनीखाली कंदाच्या रूपात असते, किंवा उंच कास आणि मुंजाच्या गर्दीत काही लांबट पाने म्हणून उभी असते, आणि त्या पानांना गवतापासून वेगळे करणे जवळून वाकून पाहिल्याशिवाय शक्य नसते.

आणखी एक शक्यता लक्षात घ्यावी लागते. जमिनीवर वाढणाऱ्या अनेक ऑर्किडांत कंद जिवंत राहतो, पण त्या वर्षी वर काहीच येत नाही. पुढच्या किंवा त्याच्याही पुढच्या वर्षी कोंब येतो. जागा माहीत असलेला माणूसही एखाद्या वर्षी रिकाम्या हाताने परततो. मग जागा माहीत नसताना, चुकीच्या महिन्यात, दुसऱ्याच कामासाठी गेलेल्या माणसाला ती दिसली नाही यातून कोणताच निष्कर्ष काढता येत नाही.

याची तुलना ब्रिटनमधल्या भूत-ऑर्किडशी केली की फरक स्पष्ट होतो. एपिपोगियम अफायलम ही पाने नसलेली, पूर्णपणे बुरशीवर जगणारी जात तिथे १९८६ नंतर दिसली नाही. तिच्या जुन्या जागांवर दर वर्षी हौशी आणि व्यावसायिक अभ्यासक योग्य महिन्यात जाऊन शोध घेत राहिले, शेवटी ती तिथून नाहीशी झाल्याचे जाहीर झाले, आणि २००९ मध्ये हेरेफर्डशरमध्ये तिचे एक रोप सापडले. तिथली २३ वर्षांची रिकामी जागा खूप काही सांगते, कारण त्या काळात खरोखर शोधले जात होते. दुधव्यातली ११८ वर्षांची रिकामी जागा तिच्या पाचपट असूनही कमी सांगते. न दिसल्याची नोंद कोणी ठेवत नाही, आणि ती ठेवली नाही तर न दिसण्याला पुराव्याची किंमत राहत नाही. कोणत्या तारखेला, कोणत्या गवतात, किती जणांनी, किती वेळ पाहिले आणि काही मिळाले नाही, एवढ्या चार गोष्टी लिहून ठेवल्या असत्या तर आज आपण या आकड्याविषयी अधिक खात्रीने बोललो असतो.

एखाद्या प्रदेशातली नवी नोंद म्हणजे ती वनस्पती तिथे नव्याने आली, असेही कधी कधी घडते आणि तो पर्याय न तपासता सोडून देणे बरोबर नाही. आपल्याकडे ओलसर गवतात आणि शेतांच्या कडेला सापडणारी झ्यूक्सीन स्ट्रॅट्यूमॅटिका ही छोटी जात १९३६ मध्ये अमेरिकेतल्या फ्लोरिडात आढळली. ती गवताच्या बियाण्याबरोबर तिकडे गेली असावी असे मानले जाते, आणि नंतर ती हिरवळींतून दूरवर पसरली. ऑर्किडचे बी धुळीसारखे बारीक असते, वाऱ्याने लांब जाऊ शकते. पण दुधव्याच्या बाबतीत जुनी नोंद शेजारच्याच जिल्ह्यातली, अधिवास तोच आणि मधला भूभाग सलग असल्याने, ती कुठून तरी नव्याने आली असे मानण्यापेक्षा ती तिथेच टिकून होती असे मानणे अधिक सरळ आहे.

पुराव्याचा दर्जा

छायाचित्रांवरून झालेली ओळख पुरेशी आहे का, हा प्रश्न या प्रकरणात विचारावाच लागतो. वनस्पतीशास्त्राची जुनी रीत अशी की नमुना संग्रहात जमा झाल्याशिवाय नोंद पक्की मानायची नाही. त्यामागचा विचार साधा आहे. उद्या वर्गीकरण बदलले, एका जातीच्या दोन झाल्या, तर नमुना पुन्हा काढून पाहता येतो. छायाचित्रात जो भाग टिपलाच नाही तो नंतर कधीच पाहता येत नाही.

दुसरीकडे, राष्ट्रीय उद्यानातून आणि अभयारण्यातून वनस्पती काढून नेण्यास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी आहे आणि त्यासाठी रीतसर परवानगी लागते. त्यात इथे रोपे किती आहेत हेच ठाऊक नसताना आख्खे रोप कंदासह उपटणे मला कोणत्याही परिस्थितीत समर्थनीय वाटत नाही. मधला मार्ग मात्र आहे. परवानगी घेऊन एका फुलोऱ्यातली एक-दोन फुले घ्यावीत, ती दाबून न वाळवता अल्कोहोलमध्ये ठेवावीत म्हणजे ओष्ठदलाचा आकार टिकतो, एक पान वाळवावे आणि कंदाला हात लावू नये. त्याबरोबर छायाचित्रे ठरावीक क्रमाने घ्यावीत: फूल समोरून, फूल बाजूने शुंडिका दिसेल असे, ओष्ठदल वेगळे करून मोजपट्टीसह, पानाचा तळ, फुलोऱ्यावरील सहपत्रे (फुलांच्या देठाशी असलेली लहान पाने), आणि शेवटी आजूबाजूचे गवत. रानात उभ्या असलेल्या माणसाला शेवटचे छायाचित्र सर्वांत कमी महत्त्वाचे वाटते, पण माझ्या मते पुढच्या शोधासाठी तेच सर्वांत उपयोगी असते, कारण गवत कोणते, त्याची उंची किती, जमीन ओली की निचऱ्याची, त्या वर्षी ते जळलेले की न जळलेले, हे त्यातूनच कळते.

जागा किती उघड करायची हाही पुराव्याचाच भाग आहे. भारतीय वनस्पती सर्वेक्षणाने २०१९ मध्ये देशातल्या ऑर्किडांची जी यादी दिली तिच्यात १५५ वंशांतल्या १,२५६ जाती आहेत. त्यांतल्या ७५७ झाडांवर वाढणाऱ्या आणि ४४७ जमिनीवर वाढणाऱ्या. झाडावरच्या ऑर्किडला फुलांसाठी मागणी असते; जमिनीवरच्यांना बऱ्याचदा कंदासाठी, कारण अनेक जातींचे कंद औषधी समजून खणले जातात, आणि खणलेला कंद म्हणजे संपलेले रोप. संपूर्ण ऑर्किड कुल वन्य जीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराविषयीच्या सायटीस कराराखाली येते, पण देशातल्या देशात होणाऱ्या खणण्याला तो करार लागू होत नाही. आपल्या कायद्यात १९९१ च्या दुरुस्तीने विशेष संरक्षण दिलेल्या सहा वनस्पतींच्या यादीत ऑर्किडांपैकी निळी व लाल वांडा आणि स्लिपर ऑर्किड होती. गवतातल्या भुई-ऑर्किडांना जागा नव्हती. दुधव्यातल्या रोपाला संरक्षण मिळते ते ते अभयक्षेत्रात उभे आहे म्हणून. म्हणूनच प्रसिद्ध नोंदीत परिक्षेत्राच्या पातळीपर्यंतच ठिकाण द्यावे, आणि अचूक अक्षांश-रेखांश वनखात्याच्या व संग्रहाच्या दप्तरी राहावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

गवताचे काय करायचे

एखादी दुर्मीळ वनस्पती सापडली की तिला उचलून रोपवाटिकेत नेण्याची सूचना हमखास येते. भुई-ऑर्किडांच्या बाबतीत ही सूचना घातक आहे. ऑर्किडच्या बियांत भ्रूणपोष, म्हणजे अंकुराला पोसणारा अन्नसाठा, जवळजवळ नसतो. मातीतली योग्य बुरशी बीजात शिरल्याशिवाय ते रुजत नाही, हे नोएल बर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८९९ मध्ये दाखवले. रोप मोठे झाल्यावरही बुरशीशी नाते सुटतेच असे नाही. कुंडीत आणलेला कंद साठवलेल्या अन्नावर एक-दोन वर्षे फुलतो, त्यामुळे प्रयोग साधला असे वाटते, आणि मग तो संपतो. ज्या मातीत ती बुरशी आहे ती माती, तिचा ओलावा आणि तिच्यावरचे गवत राखणे हेच त्या रोपाचे संवर्धन आहे.

इथे प्रकरण गुंतागुंतीचे होते, कारण दुधव्याचे गवत आपोआप तसे राहत नाही. तराईत गवताळ पट्टा मोकळा सोडला तर त्यात झुडपे आणि पुढे झाडे शिरतात. म्हणून वनखाते हिवाळ्यात ठरावीक पट्टे जाळते, आणि त्या राखेतून फुटणारा कोवळा चारा बारशिंगे व चितळांना मिळतो. आगीच्या वेळी यूलोफियाचा कंद जमिनीखाली असतो, त्यामुळे हिवाळ्यातली झरझर पुढे जाणारी आग त्याला फारसा धक्का लावत नसावी. उलट जून महिन्यात फुलोरा वर येताना भोवतालचे गवत बुटके असणे त्याच्या फायद्याचे ठरत असेल, आणि कीटकांना व आपल्याला तो दिसतो तो त्यामुळेच. पण हीच आग उशिरा, एप्रिल-मे मध्ये लागली तर कोंब जमिनीच्या पृष्ठभागाशी आलेले असतात. आणि गवताच्या ‘सुधारणे’साठी नांगर फिरवला तर कंद आणि बुरशीचे जाळे दोन्ही उलटेपालटे होतात. आग आणि नांगर ही दोन्ही साधने गवत-व्यवस्थापनाच्या एकाच शीर्षकाखाली येतात. या वनस्पतीसाठी त्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

हे सगळे आज तर्क आहेत, आणि ते तपासणे अवघड नाही. ज्या पट्ट्यात रोप मिळाले तिथे हिवाळ्यात जाळलेला एक तुकडा आणि न जाळलेला एक तुकडा कायमचे आखून घ्यावेत. नांगर त्या पूर्ण पट्ट्याबाहेर ठेवावा. जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत गस्तीवरच्या कर्मचाऱ्यांनी दर आठवड्याला दोन्ही तुकड्यांतले फुलोरे मोजावेत, फळे किती धरली ते लिहावे, आणि काहीच दिसले नाही तरी तारीख घालून ‘काही नाही’ असे लिहावे. पिलीभीतच्या गवतातही त्याच आठवड्यांत, तीच वही घेऊन फिरावे. तिथले जंगल २०१४ पासून व्याघ्र प्रकल्प आहे, गस्त रोज होते, आणि १९०२ च्या नोंदीची जागा त्याच जिल्ह्यात आहे. वेगळे पथक किंवा वेगळा निधी यासाठी लागत नाही. गस्तीच्या वहीत एक रकाना आणि कर्मचाऱ्यांच्या खिशात फुलाचे एक छायाचित्र लागते.